नूतनचे पिक्चर बघायला बसताय? मग बंदिनी शेवटी ठेवा

मागच्या दिवाळीत माझी भाची म्हणाली, मावशी तू सारखी नूतन नूतन करतेस, एक पिक्चर सांग ना, बघते मी. आणि मी तीच चूक केली जी सगळे करतात, पटकन म्हणून मोकळी झाले की बंदिनी बघ. पोरगी बसली बिचारी, पाऊण तासात सोफ्यावर आडवी, उठल्यावर म्हणते, "मावशी, ती काही करतच नाही गं." मला आधी राग आला, मग भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला की बरोबरच आहे तिचं. ती काही करत नाही हेच तर बघायचं असतं, पण तिला काय काय करता येतं हे आधी माहीत नसेल तर ते न करणं दिसणार कसं? गायकाने एखादी जागा मुद्दाम सोडली हे त्यालाच कळतं ज्याने ती जागा आधी ऐकलीय.

तर हे त्या भाचीसाठी लिहिलंय आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. कुठला पिक्चर आधी, कुठला नंतर, कुठे थांबायचं, कुठे रिवाइंड करायचं, कुठला टाळला तरी चालेल. माझा क्रम आहे हा, तुमचा वेगळा असेल तर असू दे.

सगळ्यात आधी टीव्ही नीट करा, हसू नका. जुने पिक्चर जवळजवळ चौकोनी चित्रात आहेत, आणि आपले टीव्ही लांबट, त्यामुळे बऱ्याच घरांत टीव्ही ते चित्र दोन्ही बाजूंनी ताणून बसवतो. मग काय होतं, नूतनसारखी शेलाटी बाई पण आडवी दिसते आणि चेहऱ्यावरचं बारीक काही दिसतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार मूळ ठेवा, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या येतील त्या येऊ द्या, घरातलं कोणीतरी हमखास म्हणेल अगं अर्धा टीव्ही वाया जातोय, दुर्लक्ष करा. दुसरं म्हणजे मोबाइलवर बघू नका, निदान पहिल्यांदा तरी. तिचं अर्धं काम पापण्यांमध्ये असतं. तिसरं, कोणीतरी रंग भरलेली प्रिंट मिळाली तर सोडून द्या, ब्लॅक अँड व्हाइटच शोधा. आणि आवाज तपासून घ्या, मी एकदा हौसेने सीमाची सीडी विकत आणली होती, त्यात ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, दोन तास डबिंग बघितल्यासारखं वाटलं, पैसे गेले ते गेलेच.

सुरुवात तेरे घर के सामने पासून करा. १९६३ चा आहे, विजय आनंदचा, देव आनंद हिरो, एस. डी. बर्मनची गाणी. स्टोरी एवढीच की दिल्लीत दोन म्हातारे एकमेकांच्या जिवावर उठलेत, दोघांचे प्लॉट समोरासमोर, आणि दोघांची घरं बांधणारा आर्किटेक्ट एकच, तो एकाचा मुलगा आणि दुसऱ्याच्या मुलीच्या प्रेमात. हलकाफुलका, डोक्याला ताप नाही, आणि यात नूतन नुसती गोड दिसते. ज्यांना ती फक्त पांढऱ्या साडीतली रडकी बाई वाटते त्यांच्यासाठी औषध आहे हे. टायटल साँगमध्ये देव आनंदला ग्लासात ती दिसते, एवढीशी, ग्लासाच्या तळाशी उभी, आणि वरून बर्फाचा खडा पडला की ती आत कुडकुडते. आता विचार करा, सेटवर तिच्यासमोर ना ग्लास ना बर्फ, कुठेतरी एकटी उभी करून शूट केलं असणार, आणि तिने ती थंडी अशी खांद्यातून काढलीय की आपण आपसूक स्वेटर शोधतो.

मग कुतुबमिनारच्या जिन्यातलं दिल का भंवर करे पुकार. तो जिना खरा नाही बरं का, खऱ्यात कॅमेरा मावेना म्हणून सेट लावला होता. गाणं रफीचं, म्हणजे गातोय देव आनंद, ती नुसती पायऱ्या उतरतेय. इथे पहिला गृहपाठ. एकदा गाणं नेहमीसारखं बघा, मग परत लावा आणि देव आनंदकडे अजिबात बघायचं नाही (अवघड आहे, माझ्या आईला अजून जमत नाही). फक्त ती ऐकते कशी ते बघा. एका पायरीवर हसू येतंय ते दाबते, पुढच्या पायरीवर दाबता येत नाही. नूतन ऐकताना सगळ्यात भारी असते. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

ज्यांना हे आवडलं त्यांनी त्याच सुट्टीत पेइंग गेस्ट (१९५७) आणि दिल्ली का ठग (१९५८) पण उरकून घ्यावेत. पहिल्यात परत देव आनंद, छोड दो आंचल वगैरे. दुसऱ्यात किशोर कुमार, आणि यात तिने स्विमसूट घातला होता, १९५८ मध्ये, आणि नंतर लगेच पुढच्याच वर्षी सुजाता केला, कोणी काही म्हणायच्या आत. आपल्याकडे अजून लोक नट्यांना विचारतात की तुमची इमेज काय.

आता थोडं मागचं सांगते म्हणजे पुढे अडणार नाही. नूतन समर्थ, जन्म ४ जून १९३६, मुंबईचा. आई शोभना समर्थ, म्हणजे रामराज्य (१९४३) मधली सीता, जिचे फोटो लोकांनी देवघरात लावले होते म्हणतात. वडील कुमारसेन समर्थ, तेही दिग्दर्शक. धाकटी बहीण तनुजा, आणि तनुजाची मुलगी काजोल हे तुम्हाला माहीतच आहे. पहिला पिक्चर हमारी बेटी, १९५०, आईनेच काढला. लहानपणी बारीक आणि सावळी म्हणून बोलणी खाल्लेली पोरगी, १९५१ च्या नगीनाला ए सर्टिफिकेट, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, मिळालं आणि ही अल्पवयीन, तर थिएटरच्या दरवानाने हिला हिच्याच पिक्चरला आत सोडलं नाही असा किस्सा सांगतात. मग आईने तिला स्वित्झर्लंडला शाळेत पाठवून दिलं. परत आली आणि सीमा केला. बस, एवढं पुरे.

सीमा दुसऱ्या शनिवारी. १९५५, अमिय चक्रवर्तींचा. नातेवाइकांच्या घरी राबणारी अनाथ पोरगी गौरी, चोरीचा आळ येतो आणि रवानगी थेट सुधारगृहात. तिथे संचालक बलराज सहानी, शांत माणूस. यात नूतन शांत नाही, अजिबात नाही. ओरडते, फोडाफोड करते, पळून जाते, कोंडून ठेवलं तर दार तोडायला बघते. एकोणीस वर्षांची होती फक्त! माझं म्हणणं एवढंच की हे बघून ठेवा. हा राग डोक्यात साठवून ठेवा, पुढे कामाला येणार आहे. याच पिक्चरसाठी तिला पहिलं फिल्मफेअर मिळालं. आणि मराठी माणसांसाठी बोनस, शुभा खोटेंचा हा पहिलाच पिक्चर, सायकलवर बसून चोराच्या मागे सुसाट, त्या खरोखरच्या सायकल चॅम्पियन होत्या म्हणून तो सीन इतका खरा वाटतो.

सीमात मनमोहना बडे झूठे हे गाणं येतं, राग जयजयवंती, आवाज लताबाईंचा. दुसरा गृहपाठ इथे. नूतन गाणं शिकलेली होती, आणि ते इथे दिसतं. बाकीच्या नट्या ओठ हलवतात, ही श्वास घेते. तान सुरू व्हायच्या आधी छाती भरते, तान संपताना मान किंचित सैल सोडते. घरात कोणी गाणं शिकणारं असेल तर त्यांना शेजारी बसवून बघा, ते जास्त नीट सांगतील. (आणि ती स्वतः गायलीय सुद्धा, छबिली मध्ये, १९६०, ऐ मेरे हमसफर, संगीत आपले स्नेहल भाटकर. पिक्चर नाही बघितला तरी चालेल, गाणं ऐका.)

तिसरा शनिवार सुजाता, १९५९, बिमल रॉय. इथे घाई करायची नाही, जेवून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गोष्ट अशी की पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्य जातीतली मुलगी एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढते. वडील जीव लावतात, आई पण लावते, पण ओळख करून देताना एक शब्द कायम जोडते, बेटी जैसी. मुलीसारखी. मुलगी नाही. तो एक 'जैसी' अख्ख्या पिक्चरभर काट्यासारखा फिरतो. प्रत्येक वेळी तो शब्द आला की कॅमेरा कुठेही असो, तुम्ही नूतनला शोधा. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असेल, कोपऱ्यात असेल, तिचा हात फक्त क्षणभर थांबतो आणि परत कामाला लागतो. मला तर वाटतं की अपमान दाखवायला हिंदी सिनेमात यापेक्षा कमी हालचाल कोणी केली नाही.

आणि एक गंमत, त्या बंगाली घरातल्या बायका मोजा. आई सुलोचनाबाई, बहीण शशिकला, जातीचा पगडा असलेली म्हातारी ललिता पवार, आणि नूतन. चौघी मराठी! मी हे पहिल्यांदा लक्षात आल्यावर आईला ओरडून सांगितलं तर ती म्हणाली मला माहितीय, सुलोचनाबाईंसाठीच तर गेलो होतो आम्ही थिएटरात.

यातलं जलते हैं जिसके लिए हे गाणं म्हणजे तिसरा गृहपाठ आणि सगळ्यात महत्त्वाचा. सुनील दत्त फोनवर गातोय, तलतचा आवाज, आणि ती दुसऱ्या टोकाला रिसीव्हर कानाला लावून उभी. संपूर्ण गाणं. एक शब्द नाही, इकडून तिकडे जायचं नाही, हातात फोनशिवाय काही नाही. आता हे कोणाला दिलं असतं तर तिसऱ्या ओळीला काय करावं कळलं नसतं. ती काय करते, तर गाण्यावर विश्वास ठेवू की नको हे ठरवत राहते. सुख होतंय, आणि ते आपल्याला परवडणारं नाही हे पण माहितीय, दोन्ही एकाच चेहऱ्यावर, आलटून पालटून नाही, एकदमच. आवाज पूर्ण बंद करून एकदा बघा. कुठलं कडवं चालू आहे ते तुम्हाला चेहऱ्यावरून कळेल, मी पैज लावते.

दुसरं फिल्मफेअर या पिक्चरचं. त्याच वर्षी राज कपूरबरोबर अनाडी पण आला आणि त्याच वर्षी तिने नेव्हीतल्या रजनीश बहलशी लग्न केलं. १९६१ मध्ये मोहनीश झाला (हो, तोच, हम आपके हैं कौन मधला मोठा भाऊ). त्या काळी हिरोइनचं लग्न झालं, मूल झालं म्हणजे कारभार आटोपला असंच धरायचे. हिचा तर खरा कारभार त्यानंतर सुरू झाला.

पण थांबा, बंदिनीकडे जायचं नाही अजून. १९६३ ओलांडून पुढे या.

मिलन, १९६७, रंगीत. खरं सांगू, पूर्ण पिक्चर बघायलाच हवा असं नाही, पुनर्जन्म वगैरे आहे, मला मधेच जांभया येतात. यासाठी पण तिला फिल्मफेअर मिळालं, चौथं (तिसरं बंदिनीचं), त्यामुळे माझ्या जांभया तुम्ही मनावर घेऊ नका. पण सावन का महीना नक्की बघा. नावाडी सुनील दत्त जमीनदाराच्या पोरीला गाणं शिकवतोय, ती शिकलेली म्हणून 'शोर' म्हणते आणि तो म्हणतो शोर नाही बाबा, सोर. तिची ती चूक करायची पद्धत बघा, बरोबर म्हणणारीला चूक शिकायचीय आणि जीभ वळत नाहीये. सरस्वतीचंद्र (१९६८) गाण्यांसाठी, चंदन सा बदन आणि फूल तुम्हें भेजा है ख़त में, पुन्हा ब्लॅक अँड व्हाइट. बाकी त्या काळातले खानदान वगैरे तुमच्या आईला किंवा सासूबाईंना आवडत असतील तर त्यांच्याबरोबर बघा, नाहीतर सोडा.

सौदागर मात्र सोडायचा नाही. १९७३ चा, राजश्रीचा, सुभाष घईंचा नाही, सर्च करताना घोळ होतो, भाचीने दिलीप कुमार आणि राज कुमारवाला लावला होता. यात हिरो अमिताभ, जंजीर आला त्याच वर्षीचा अमिताभ, आणि तो चक्क वाईट माणूस. तो खजुराच्या झाडाचा रस काढतो आणि नूतन, म्हणजे महजबीन, त्याचा गूळ करते. असा गूळ की बाजारात हातोहात जातो. याला दुसरीशी लग्न करायचंय आणि तिच्या बापाला मेहेरचे, म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने मुलीसाठी द्यायचे पैसे हवेत, म्हणून हा काय करतो, तर या विधवेशी निकाह लावतो, हंगामभर तिच्याकडून गूळ काढून घेतो, पैसे जमले की तलाक. बास. पुढच्या हंगामात नवी देखणी बायको गूळ करायला बसते आणि तो जळतो.

आमच्याकडे कोल्हापूरला गुऱ्हाळात काहिलीशी उभा राहणारा गुळव्या असतो ना, त्याला विचारा, रस कधी उतरवायचा हे घड्याळ सांगत नाही, हात सांगतो. नूतनने ते हात केलेत. ती कढईत ढवळताना बघा, कॅमेऱ्याकडे लक्ष नाही, नवऱ्याकडे नाही, सगळं लक्ष उकळीवर. फिल्मी हिरोइन स्वयंपाकघरात उभी केली की पाहुणी वाटते, ही तिथली वाटते. आणि शेवटी तो रसाचं मडकं घेऊन तिच्या दारात येतो तो सीन. ती आधी भडकते, सीमातली गौरी आठवते का, तोच राग, फक्त अठरा वर्षं मुरलेला. मग तिला कुंपणापाशी ती दुसरी दिसते. पुढचं सांगत नाही. भारताने ऑस्करला पाठवला होता हा पिक्चर आणि तिकिटबारीवर फार चालला नाही.

मैं तुलसी तेरे आंगन की, १९७८, राज खोसला. चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबरीवरून आहे हे किती जणांना माहितीय? ज्या काकोडकरांची पुस्तकं घरोघरी उशीखाली लपवून वाचली जायची तेच. तुलसी आशा पारेख आहे, नूतन ठाकूरची लग्नाची बायको, म्हणजे टायटल दुसरीच्या नावावर आणि पिक्चर हिच्या खिशात. बेचाळिशीत बेस्ट अॅक्ट्रेस, पाचवं. हा पाचचा आकडा नंतर बरीच वर्षं कोणाला गाठता आला नाही, गाठला तो २०११ मध्ये, आणि कोणी, तर सख्ख्या भाचीने, काजोलने. घरचाच हिशोब.

ऐंशीच्या दशकातले आईचे रोल मी एका दुपारीत गुंडाळते. मेरी जंग (१९८५) बघा, नवऱ्याला फाशी झाल्यावर भान हरपलेली आई, सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर. कर्मा (१९८६) यासाठी की दिलीप कुमार आणि नूतन ही दोघं इतकी वर्षं एकाच इंडस्ट्रीत असून पडद्यावर एकत्र आली ती थेट इथे, ही पन्नाशीला टेकल्यावर आणि तो साठी ओलांडल्यावर. कोणाचं नुकसान झालं सांगा. आपलंच. २१ फेब्रुवारी १९९१ ला कॅन्सरने गेली, चोपन्न वर्षांची होती.

आता बंदिनी.

रात्री बघा, घरातले झोपल्यावर. १९६३, म्हणजे ग्लासात कुडकुडणाऱ्या त्या पोरीच्याच वर्षीचा, हे विसरू नका. कल्याणी जन्मठेपेची कैदी, खुनाबद्दल. जेलचा डॉक्टर धर्मेंद्र तिच्या प्रेमात, आणि मागे सोडून गेलेला क्रांतिकारक अशोक कुमार. मोरा गोरा अंग लइ ले येईल, गुलजारचं अगदी सुरुवातीचं फिल्मी गाणं, ते तुम्हाला पाठ असेल. मी सांगते ते दुसरं गाणं, अब के बरस भेज भैया को बाबुल, आशाबाईंचं. जेलमधल्या बायका दळतायत, एक कैदी गातेय, माहेरचं गाणं. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्यात त्यांना शब्द कळायची पण गरज नाही. आणि नूतन? ती गात नाही. ऐकतेय. आता तुम्ही तयार आहात, जिन्यात ऐकताना बघितलंय, फोनवर ऐकताना बघितलंय, आता हे बघा. इथे चेहऱ्यावर काहीच येऊ देत नाही ती, आणि नेमकं काय येऊ देत नाहीये ते तुम्हाला दिसेल.

मग तो खुनाचा सीन. बाहेर कोणीतरी लोखंडावर घण घालतंय, वेल्डिंगच्या उजेडाची उघडझाप, आणि त्या उजेडात तिचा चेहरा, आत्ता आहे, आत्ता नाही. ज्या आजारी बाईची ती सेवा करतेय ती कोणाची बायको आहे हे तिला नुकतंच कळलंय. समोर चहा आहे. संवाद नाही, पार्श्वसंगीत म्हणाल तर तो घणच. सीमात दार तोडणारी मुलगी आठवा आणि मग हिचे हात बघा, किती शांतपणे काम करतायत. मी हा सीन पंधरावीस वेळा बघितला असेल, ती नक्की कुठल्या क्षणी ठरवते ते मला अजून पकडता आलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

शेवटाला स्टीमरचा घाट आहे. एकीकडे ट्रेन, एकीकडे बोट, एस. डी. बर्मनचा स्वतःचा आवाज, ओ रे माझी. त्या वेळी पॉज करून पाणी प्यायला उठायचं नाही, आणि शेजारच्याने "हिने डॉक्टरकडेच जायला पाहिजे होतं" असा वाद सुरू केला तर बोट सुटेपर्यंत त्याला गप्प बसवा. वाद नंतर घाला. आमच्या घरी मी आणि आई गेली वीस वर्षं घालतोय, ती डॉक्टरच्या बाजूने.

भाचीला हा क्रम पाठवलाय. आत्ता सीमापर्यंत आलीय, काल मेसेज होता, "मावशी ही तर फुल राडा घालते."